चौथा ठोका

प्रिय लांब्या,

शनिवारी निघायचं आहे आणि मी पार वैतागलोय. अकरा वर्षं आपण दोघं ही चार दिवसांची गाडीसफर करतोय आणि तुझा नियम तोच. गाडीत वाजणारं प्रत्येक गाणं दोघांनाही नवं हवं, बँडच्या पाठीशी रेकॉर्ड कंपनी नको, ऐकणारे हजाराच्या आत हवेत. यंदा गाणी शोधायची पाळी माझी. नियम करणाऱ्याचं काय जातं? महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मी कानांत इयरफोन खुपसून बसतोय. दातांच्या लॅबमध्ये सगळ्यांना वाटतं, मला कमी ऐकू यायला लागलंय.

मोबाइल लेकही वापरते, म्हणून ॲप मला बडबडगीतं सुचवतं. त्यातून सुटावं तर हल्लीची गाणारी पोरं नुसती कुजबुजतात, शेजारी कुणी झोपल्यासारखी. रॉक म्हणून लावावं, तर तीन मिनिटं गिटार जुळवतात आणि चौथ्या मिनिटाला गाणं संपतं. एका बाईने वॉशिंग मशीनच्या तालावर फार सुरेख गायलंय, पण ऐकणारे बाराशे, म्हणजे तुझ्या नियमात बाद. तू चष्म्याच्या दुकानात काचा बदलून गिऱ्हाइकाला 'आता दिसतंय का' विचारतोस, तसं मी स्वतःला विचारतोय, आता आवडतंय का? बायको म्हणाली, जुनीच गाणी लाव की, कोण अडवतंय. तिला काय सांगणार? जुनी गाणी लावली की आपल्या बँडचा विषय निघेल, आणि तो सोडून बाकी सगळं बोलायचं हा आपला न बोललेला नियम.

बारा वर्षांपूर्वी आपल्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी कवळ्या बनवायची नोकरी धरली आणि तुला मोबाइलवर बँड सोडल्याचा दोन ओळींचा निरोप पाठवून मोकळा झालो. फोनसुद्धा केला नाही. तू एवढंच कळवलंस की ठीक आहे, मीही गिटार विकतोय. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं. दोघांनीही सोडलं म्हणजे मी एकट्याने काही मोडलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती इतकी वर्षं टिकली.

मंगळवारी मेणात दात बसवत होतो आणि एक गाणं लागलं. ऐकणारे एकशे चौदा. बँडच्या फोटोत नुसती एक खुर्ची. सुरुवातीला कुणीतरी मोजतं, एक, दोन, तीन, आणि चार म्हणतच नाही. तिथे मोकळी जागा आहे, मग गाणं सुरू होतं. मोजणारा आवाज तुझा. चार तू कधीच म्हणायचा नाहीस, कारण तिथे माझ्या ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटायच्या. हातातला दात वाकडा बसला. तो तसाच ठेवून मी गाणं पुन्हा लावलं.

सहा वर्षांत एकोणीस गाणी केलीस. म्हणजे गिटार विकलीच नव्हतीस. दरवर्षी माझ्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या गाण्यांना नाकं मुरडलीस आणि स्वतःचं एकही ऐकवलं नाहीस. मला तुझा भयंकर राग आलाय. आणि ड्रमच्या जागी जे मशीन लावलंयस, त्यापेक्षा माझ्या लेकीचं खेळणं बरं वाजतं. एकोणीसच्या एकोणीस गाण्यांत तीननंतर तीच मोकळी जागा आहे. ती ऐकली की राग माझ्यावरच उलटतो.

मागच्या वेळी मोबाइलवर निरोप पाठवून पळालो, म्हणून या वेळी कागदावर लिहितोय. गाडीत बोलायला गेलो असतो, तर पुन्हा विषय बदलला असता. त्या दिवशी मी चुकलो, लांब्या. माफी मागायला बारा वर्षं लावली, हेही चुकलं. यादी तयार आहे, तीस गाणी परक्यांची आणि एकतिसावं तुझं. ते दोघांनीही ऐकलंय, म्हणजे नियमात बसत नाही, तरी मी लावणार. नको असेल तर शुक्रवारपर्यंत कळव, मुकाट काढून टाकेन. हो म्हणणार असशील तर कपडे कमी आण, डिकीत माझा छोटा ड्रम ठेवलाय. गिटार मागच्या सीटवर मावेल. तू फक्त तीनपर्यंत मोज.

तुझाच,
ठोक्या