प्रेस शॉपमधला राउंड

३ जून १९५८
कालपर्यंत भोसरीच्या शाळेचा हेडमास्तर. आजपासून चिंचवडच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर! कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची, साहेबांच्या कानावर घालायची. प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या खात्यातली, निम्मी पोरं माझ्याच हाताखालून गेलेली. मी आत शिरलो आणि सगळी स्टुलावरून ताडकन उठली. साहेब हसून म्हणाले, "याचसाठी तुम्हाला शाळेतून उचललं." खोटं कशाला लिहू — छाती फुगली.

९ जून
प्रेस शॉपच्या युसुफ मिस्त्रींनी वाटेत गाठलं. "गुरुजी, शॉपमदी येत नका जाऊ. तुमी दिसला की पोरं उठत्यात. पायाखाली प्रेसचं पेडल, हात डायमदी! पाय पडला की वरचा साचा खाली येतो."
मला राग आला. मिस्त्रीनं मला शिकवावं! या पोरांना वळण मी लावलंय, असं तोंडावर सांगितलं.

१० जून
राउंड घेतला.

१७ जून
ज्योतीरामचा हात गेला.
बाजूनं मी आलो. त्यानं पाहिलं, सवयीनं उठला — आणि पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची चार बोटं. माझ्या डोळ्यांदेखत! "गुरुजी" एवढंच ओरडला.
फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहायचा. काय अक्षर होतं पोराचं! देवा, हे मी काय करून बसलो.

२० जून
पुण्याला दवाखान्यात गेलो होतो. त्याची आई, यशोदाबाई, माझ्याच पाया पडली! "तुमी हायसा म्हणून धीर हाय. त्याची नोकरी तेवढी राखा, गुरुजी." मेल्याहून मेल्यासारखं झालं.
साहेबांचं म्हणणं, कामगाराचा हलगर्जीपणा — काढून टाका. युसुफ मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "मला इचारू नका. आता तुमीच बोला."
बोलणार. चौकशीत सगळं सांगणार. जाईना का माझी नोकरी! शाळेतली जागा भरली, खरं. तरीही.

१० जुलै
चौकशी उद्या. ताट तसंच बाजूला सारलं. सावित्री म्हणाली, "काय सांगायचं ते सांगा, पण आधी दोन घास खा." कशाला हा कारखाना पाहिला!

११ जुलै
मी तोंड उघडायच्या आत ज्योतीराम बोलला, "गुरुजी तितं न्हवतंच, सायेब. माजीच चूक."
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"
मी म्हणालो, "हो."