मामी फक्त मदतीला असते

आदरणीय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात ना? दाजींचा खोकला आणि दुकान, दोन्ही जागेवर असतील. (फोन मुद्दाम केला नाही, तो दाजी उचलतात.) माझी प्रकृती उत्तम आहे; बाकी सगळ्याचा तुझ्या लेकीनं बोऱ्या वाजवला आहे.

बायकांच्या आणि पुरुषांच्या पगारातल्या फरकावर संशोधन करतेय, मामा, तुझ्या पडदे-कुशनच्या कारखान्यात येऊ का, असं तिनं लाडात विचारलं आणि मी गाढव, ये म्हणालो. एका शिलाई मशीनवरून इथवर आलो, तेव्हा वाटलं, भाचीच्या पुस्तकात मामाचा फोटो येईल. आली ती थेट कटिंग मास्तरांपाशी. यांना शिवणाऱ्या बायकांपेक्षा जास्त पगार का? म्हटलं, दिवसभर उभे राहतात. तर म्हणे, इस्त्रीवाल्या बाई काय झोपून इस्त्री करतात? म्हटलं, मास्तरांना संसार आहे. त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, आमची काय सर्कस आहे? (माझे कान तिखट, तुला ठाऊकच आहे. कोण बोललं तेही कळलं. पण हसू मलाही आलं, मग रागावणार कसा?)

इथवर निभावलं. मग तिनं काचेच्या केबिनकडे बोट दाखवलं. मामीला किती देतोस? तुझी भावजय तेव्हा कुशनच्या फोमचा भाव पाडायला आमच्या नेहमीच्या फोमवाल्याला फोनवर रडवत होती. मी कौतुकानं म्हणालो, "तिला कशाला पगार? ती आपली मदतीला असते."

फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी हिनं माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "मदत लागली तर कळवा, वेळ असला तर येईन." तेव्हापासून तिला वेळ नाही. कोणाचे पडदे आधी द्यायचे आणि कोणाशी नुसतं गोड बोलायचं, हे तिलाच माहीत. ज्याला पडदे आधी द्यायचे, त्याच्याशीच मी नुसतं गोड बोललो, आणि चांगलं गिऱ्हाईक गेलं. एवढ्यात ती फोमवाल्याकडे पगारावर लागली. जिनं त्याला वर्षानुवर्षं पिळलं, तिलाच त्यानं उचललं, माणूस हुशार. काल फोम मागवायला फोन केला, तर पलीकडे हीच. भाव कमी करा म्हटलं, तर म्हणते, "साहेब, नेहमीचे आहात म्हणून हा भाव." मी हरलो, ताई. संध्याकाळी घरी येऊन मलाच विचारते, आज चेहरा का उतरलाय?

लेकीला सांग, संशोधन पुरे.

तुझा,
पिळून निघालेला धाकटा

ता. क. लेकीला काही बोलू नकोस. मी हिला पगार देऊ केला होता. म्हणाली, फोमवाला जास्त देतो, शिवाय मॅडम म्हणतो. केबिन रिकामी आहे.

ता. क. २. म्हणून खरं विचारायचं ते हे. लग्न झाल्यापासून तू दाजींच्या गल्ल्यावर बसतेस. माझ्याकडे ये. दाजी देतात त्याच्या दुप्पट देईन, असं लिहिणार होतो. पण शून्याची दुप्पट किती, ते तुझी लेक लगेच सांगेल. तेव्हा आकडा तूच कळव. दाजींनी विचारलंच, तर म्हणावं, भावाकडे जरा मदतीला चाललेय.