रोनाचा करडा काळ आणि मी

५ मार्च, गुरुवार
लॉन्सेस्टनच्या गॅलरीत रोना चॅलिसचं मोठं प्रदर्शन लागतंय. आयुष्यभराची चित्रं, सगळी एका जागी. इतकी वर्षं आमची शेजारीण होती. मला मात्र आमंत्रण नाही. पोस्टाचा कारभार, दुसरं काय. राग धरायचा नाही असं ठरवलं. बेरिल म्हणाली, चार लोकांसारखा जा आणि गप्प परत ये. बायकोला माझ्या ओळखींची किंमत नाही.

७ मार्च, शनिवार
उद्घाटन. प्लास्टिकच्या ग्लासात वाइन, चीजचे तुकडे, लांबलचक भाषणं. शेजाऱ्यांचा उल्लेख एकातही नाही. चित्रांत माणूस नाही, झाड नाही, नुसते रंगाचे पट्टे. लोक मान वाकडी करून बघत होते. कळत त्यांनाही नव्हतं. पहिल्या दालनात सगळं पिवळंधमक. दुसऱ्यात एकदम करडं, मातकट. तेच म्हणे जास्त गाजलंय. १९९६ नंतर पिवळा रंग का गेला, ते रोनाने कधीच सांगितलं नाही, असं भिंतीवर लिहिलंय.

८ मार्च, रविवार. सकाळी
कारण मला माहीत आहे. शहाण्णव साली आमच्यामधलं माझं सायप्रसच्या झाडांचं कुंपण दोन पुरुष उंच झालं आणि तिचं-माझं बोलणं तुटलं. बिचारी एकटी पडली. तरी दर ईस्टरला फ्रूटकेक घेऊन यायची. झाडं फार वाढली रे मर्व, म्हणायची. मी थँक्यू म्हणायचो. म्हणजे तिचं सगळं नावाजलेलं काम माझ्या विरहातून आलंय. बेरिलला सांगितलं. तिला चहाचा ठसका लागला.

११ मार्च, बुधवार
गॅलरीत जाऊन लोकांना करडी चित्रं समजावून दिली. टॅम्सिन नावाची एक गाइड आहे. फुकट काम करते, पण तोरा केवढा. म्हणाली, दालन दाखवायला मी आहे, तुम्ही जरा टेका. टेकलो. बाकावरच्या बाईंना सांगितलं. त्या उठून गेल्या. कलेची आवडच राहिली नाही लोकांना.
रविवारी रोना स्वतः बोलायला येणार आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी उभं राहायचं. नम्रपणे. निळा कोट.

१५ मार्च, रविवार
उभा राहिलो. म्हणालो, प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे. टॅम्सिनने माइक परत मागितला. दिला नाही. सायप्रस, शहाण्णव साल, सगळं सांगितलं.
रोना म्हणाली, मर्वचं बरोबर आहे, ते कुंपणामुळेच झालं. मी लोकांकडे वळून मान झुकवली. मग म्हणाली, त्या झाडांनी माझ्या स्टुडिओतला उजेड खाल्ला. दुपारनंतर पिवळा कुठला नि पांढरा कुठला, कळेना. शेजाऱ्याशी भांडायचं कुठे, म्हणून दरवर्षी केक घेऊन जायचे, जरा छाटशील का म्हणून. हा केक खायचा, झाडं तशीच. शेवटी घर विकलं.
लोक पोट धरून हसले. बेरिल सगळ्यांत जास्त.
गाडीत मी म्हणालो, तिनं स्पष्ट सांगायला हवं होतं. बेरिल म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात सकाळी दिवा लावावा लागतो, हे मी स्पष्टच सांगत आले. काय झालं?
मी रेडिओ लावला.

१७ मार्च, मंगळवार
करवत आणली. दुपारपर्यंत एकच सायप्रस पडलं, तेही गुलाबांवर. पण ऊन सरळ आत आलं. बेरिलने खुर्ची उन्हात ओढली.
रोनाला फोन केला. म्हणालो, कुंपण काढतोय, उजेड बघायला ये. ती म्हणाली, चांगलं केलंस रे. पण माझी नजर गेली आता. सावल्या तेवढ्या कळतात. रविवारी तुलासुद्धा आवाजावरूनच ओळखलं.
मी हवेचं काहीतरी बोललो.
फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. माझी चूक काहीच नाही, झाडं वाढतातच. तरी वाटलं.