नेटानं नव्हे, नेटवर

देवपूर, धुळे
डिसेंबर १९९९

तीर्थरूप आबांना रंजनाचा वाकून नमस्कार.

हिलालकाका म्हणाले, ‘रंजना रोज नेटवर बसते,’ आणि तुम्ही ‘पोर नेटानं अभ्यास करते’ असं गावभर सांगितलंत! आबा, नेट म्हणजे कॉम्प्युटरवरून लांबच्या माणसांशी लिहून बोलणं. होस्टेलच्या आम्ही सगळ्याच सायबर कॅफेत जातो. अभ्यासही होतो, काळजी नको.

इथे माझ्या तोंडून अहिराणी निघाली की मुली हसतात. नेटवर मात्र कुवेतला गेलेली अमळनेरची एक नर्सबाई भेटली. बाकीचे नाव-गाव विचारतात. तिनं इंग्रजी अक्षरांत विचारलं, ‘जेवनी का माय?’

जेवले नव्हते. तशीच उठून मेसवर गेले.

आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, पत्रात बाकी काही नसलं तरी चालेल, ‘जेवनी का’ तेवढं एक विचारत जा.

तुमची,
रंजना