सिनेमाला उजवा प्रसाद

सर्वण, डिचोली
२ सप्टेंबर १९७५

ती. दादास,
विमलाचा शि. सा. न. वि. वि.

ट्रक कड्यावरून कलंडला होता, नायक दाराला लोंबकळत होता, आणि मी तुझ्या पत्राचे पान उलटणार एवढ्यात सासूबाईंनी हात वर करून मला थांबवले. ट्रकमध्ये माल कोणता होता ते माईंना आधी हवे होते. तू ते लिहिलेले नाहीस. खनिज भरलेला ट्रक एवढ्याशा वळणावर कलंडत नाही, असे त्यांनी मला ऐकवले. मुलगा पाळी गावच्या खाणीवर लागल्यापासून ट्रकांच्या बाबतीत त्या कोणाचे ऐकत नाहीत. तेवढ्यात भात उतू गेला, आणि नायक संध्याकाळपर्यंत तसाच लोंबकळत राहिला.

लग्नाआधी वास्कोला तुझ्याकडे आले की आपण सिनेमा पाहायचो. इथे आल्यापासून तुझी पत्रे हाच माझा सिनेमा. पूर्वी ती मी माजघरात एकटीच वाचायची. माईंना दिसेनासे झाले, त्या दिवसभर सोप्यावर बसून राहू लागल्या, तेव्हापासून मोठ्याने वाचते. सासूला सिनेमे वाचून दाखवणारी सून अख्ख्या डिचोलीत दुसरी नसेल.

डोळ्यांचे तसेच आहे. म्हापशाच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. काढला की दिसेल. पण आपल्या पेडण्यासारखे इथेही प्रसादाशिवाय काही ठरत नाही. श्रावणात शंभू भटांनी देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि ऑपरेशन करावे का म्हणून विचारले. डावी पाकळी पडली. देवी नाही म्हणाली. विचारलेला प्रश्न पुन्हा घालायचा नसतो, तेव्हा विषय संपला. परवा चुलीत लाकूड सारताना माईंच्या पदराचे टोक पेटले. मी जवळ होते म्हणून निभावले. यांनी रात्री पुन्हा ऑपरेशनचे काढले. माई उठून आत गेल्या, चाचपडत.

म्हणून चवथीला माझे येणे होणार नाही. पुढचा सिनेमा लवकर पाठव. लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो पत्र लांबवून दाखव.

तुझी
विमला


वास्को
१६ सप्टेंबर १९७५

चि. सौ. विमला हिस,
सगुणचे अ. उ. आ.

चवथीला तू नव्हतीस. आईने तुझ्या वाटणीच्या गोड नेवऱ्या माझ्याकडे दिल्या. त्या वास्कोपर्यंतही पोचल्या नाहीत. माईंना माझा नमस्कार सांग, आणि ट्रकमध्ये कापूस होता हेही सांग.

डोळ्यांबद्दल एक सुचते. आपल्या पेडण्याच्या देवीला अजून कोणी काही विचारलेले नाही. आईला सांगून तिथे प्रसाद लावून घेतो.

दोन सिनेमे पाहिले. एक इंग्रजी, जहाजाचा. माझा जन्म बंदरात चालला आहे, त्यामुळे तो समुद्र पाहून हसू आले. वादळ पिंपातले होते. कप्तानाच्या कपड्यांची इस्त्री वादळानंतरही मोडली नव्हती. पण जहाज बुडताना तो टोपी सरळ करतो, तेव्हा मी हसायचा थांबलो.

दुसरा हिंदी. जत्रेत हरवलेला मुलगा मोठा होऊन वकील होतो. आई मशीनवर कपडे शिवते आणि खोकते. मुलगा बागेत नायिकेबरोबर गाणी म्हणतो. शेवटी आई कोर्टात साक्षीला उभी राहते आणि तिची उलटतपासणी तिचाच मुलगा करतो. मग ओळख पटते. आई बरी होते, सुनेच्या हातचा चहा पिते. सिनेमा चांगला आहे. दोन गाणी कमी चालली असती.

आम्हाला विसरू नये, एवढे वडीलपणाने सांगतो.

तुझा दादा
सगुण


सर्वण
१ ऑक्टोबर १९७५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेडण्याचे नाव काढताच माई भडकल्या. आमची देवी म्हणजे काय खालचे कोर्ट आहे, की तिचा निकाल घेऊन पेडण्याला अपिलात जायचे, असे त्यांनी विचारले. तुझ्या भावाला बंदरावरची अक्कल आहे, तेवढीच त्याने चालवावी, असेही म्हणाल्या. मी लिहिते म्हटले. लिहीच म्हणाल्या.

कप्तान त्यांना आवडला. बुडताना टोपी सरळ करणारा माणूस चांगल्या घरचा. ट्रकवाला त्यांनी मोडीत काढला.

कोर्टाचा सिनेमा मात्र मला पुन्हा पुन्हा वाचावा लागला. जनेलापाशी उजेडात बसून शिवले असते तर बाईला खोकला झाला नसता, इथून त्यांनी सुरुवात केली. साक्षीला उभी राहिली तेव्हा तिने लुगडे कोणते नेसले होते? नायिकेची साडी कोणत्या रंगाची? बागेत फुले कसली? मुलाचे नाक आईसारखे होते का? असेल, तर भरल्या कोर्टात ते एकाच्याही लक्षात कसे आले नाही? तू यातले काहीच लिहिलेले नाहीस. पुरुष सिनेमाला जातो आणि नुसती गोष्ट घेऊन परत येतो, असे म्हणाल्या.

दादा, त्या इतके विचारतात आणि मग एकदम गप्प होतात. ते मला पाहवत नाही.

शेजारची मालतीही आता ऐकायला येते. तिचे म्हणणे, नायिका फार रडते. माझेही.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ इथे तिघी वाटून घेतो, तेव्हा जरा जास्त पाठव.

तुझी
विमला


वास्को
१३ ऑक्टोबर १९७५

चि. सौ. विमला हिस,
अ. उ. आ.

माईंच्या रंगांसाठी तो सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी तुझ्या वहिनीला, विनोदिनीला, बरोबर नेले. साडी निळी होती. विनोदिनी म्हणते हिरवी, आणि माझ्यावर विश्वास ठेवून कोणी कापड घेऊ नये. बसस्टॉपपर्यंत आम्ही भांडत आलो. लुगडे पांढरे, काठ असावा. फुले लाल. नाक नीट पाहिले, पण कागदावर उतरवता येत नाही.

माईंना सांग की सिनेमा असा पत्राने पुरत नाही. थोड्या महिन्यांनी तो डिचोलीला लागेलच. त्यांनी स्वतः जाऊन नाक बघावे.

हे लिहिले तेव्हा विनोदिनी म्हणाली, दिसत नसलेल्या बाईला असे लिहू नये. मी खोडलेले नाही.

राग आला तरी पत्र यावे.

सगुण


सर्वण
२८ ऑक्टोबर १९७५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या ओळी मी गाळल्या. माईंनी ओळखले. माझा आवाज कुठे अडखळतो ते आता त्यांना कळते. वाचायला लावले. ऐकून घेतले आणि जपाची माळ ओढली. पुढे बरेच दिवस सिनेमाचे नाव नाही. मी मनात तुला खूप बोलले.

काल सोमवारी त्या पहाटे न्हाल्या, नारळ काढायला लावला आणि यांचा हात धरून देवळात गेल्या. मी मागे. शंभू भटांना वाटले पुन्हा डोळे. तोच प्रश्न मी घालणार नाही, देवीचा अपमान होतो, असे ते आधीच म्हणाले. माई म्हणाल्या, डोळ्यांचे विचारायला कोण आले आहे? मला सिनेमाचे विचारायचे आहे.

भटांनी यांच्याकडे पाहिले. हे जमिनीकडे. त्या गाभाऱ्यात बैलाचे, विहिरीचे, सोयरिकीचे, खाणीवरच्या नोकरीचे प्रश्न घातले गेले आहेत. सिनेमाचा आजवर नव्हता. पण विचारू नये असेही कुठे सांगितलेले नाही. भटांनी पाकळ्या भिजवून लावल्या आणि खाकरून सुरुवात केली, की ही तुझी लेक पद्मावती डिचोलीला जाऊन सिनेमा पाहू म्हणते. पुढचे शब्द तोंडातच होते. उजवी पाकळी सुटून त्यांच्या मनगटावर पडली.

माईंना ती दिसली नाही. आम्हा सगळ्यांचा श्वास ऐकून त्यांना कळले. मग त्या भटांना म्हणाल्या, आता सांगा. देवीने मला सिनेमाला धाडले. आंधळीला सिनेमाला धाडण्याइतकी ती खुळी आहे का? डोळ्यांचे तिने काही तरी ठरवल्याशिवाय ती हो म्हणेल?

शंभू भटांनी मनगटावरची पाकळी काढून देवीच्या पायाशी ठेवली. मग म्हणाले, देवीचा मागाहून आलेला शब्द धरायचा. नारळ फोडला तो एका घावात.

हे उद्या पणजीच्या इस्पितळात तारीख घ्यायला जातात. यांनी जेवताना दोनदा भात घेतला. तुला बोललेले सगळे मी परत घेते.

या पत्रापुरता तुझा लोभ माईंच्या नावावर लिही.

विमला


वास्को
४ नोव्हेंबर १९७५

चि. सौ. विमला हिस,
अ. उ. आ.

पत्र धक्क्यावर वाचले आणि ओरडलो. वर क्रेनवाल्याला वाटले कोणी चिरडले. त्याने क्रेन थांबवली, माणसे धावली. काय सांगणार? बहिणीच्या सासूबाईंना सिनेमाचा उजवा प्रसाद झाला म्हणून सांगितले. आता सगळे बंदर विचारते, माई कधी जाणार?

ऑपरेशनच्या दिवशी मी पणजीला येतो. आणि विमला, त्या सिनेमाच्या शेवटाबद्दल त्यांच्याशी फार बोलू नकोस. पाहतील तेव्हा पाहतील.

असाच जीव लावून राहा.

सगुण


सर्वण
३१ जानेवारी १९७६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज म्हापशाहून माईंचा ऑपरेशननंतरचा चष्मा आणला. भिंगे बाटलीच्या बुडासारखी जाड. दुकानाबाहेर येऊन त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले आणि मी काळवंडले आहे म्हणून सांगितले. मग यांच्याकडे पाहून म्हणाल्या, केस कुठे गेले?

तिथून घरी यायला त्या तयार नव्हत्या. देवीचे काम आधी. डिचोलीला उतरलो आणि तीनच्या खेळाला बसलो. तुझा कोर्टाचाच सिनेमा लागला आहे. माईंनी कालच सांगून ठेवले असावे; शंभू भट आमच्या आधी येऊन बसले होते. आपण लावलेला प्रसाद पुरा होतो की नाही ते पाहायला आलो, असे त्यांनी न विचारता सांगितले.

साडी जांभळी आहे, दादा. निळी नाही, हिरवी नाही. फुले लाल नाहीत, पिवळी आहेत. लुगड्याला काठ नाही. माई प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी तुझे नाव घेत होत्या. कोर्टात वकिलाने तोंड वळवले तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि नाक आईचेच आहे असे थिएटरला सांगितले. पुढून कोणी तरी म्हणाले, खरे गे माय. मग दोन्ही बाजूंनी लोक नाकावर बोलू लागले. तो प्रवेश नीट ऐकू आला नाही.

आणि आई मरते. ओळख पटते आणि मुलाच्या मांडीवर मरते. चहा नाही, सून नाही. तू आम्हाला फसवलेस. थिएटर हुंदके देत होते. मी माईंचा हात घट्ट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून पडदा पांढरा होईपर्यंत पाहिले.

बसमध्ये म्हणाल्या, सगुणचाच शेवट बरा. इतकी वर्षे मशीन मारलेली बाई मुलगा सापडल्याबरोबर मरत नाही. ती आधी तो जेवला का ते विचारते. सिनेमा काढणाऱ्याला घरी कोणी नसावे. रंग मात्र पुढच्या वेळेपासून तू लिहू नयेस, वहिनीने लिहावेत, असा निरोप आहे.

येत्या महिन्यात आम्ही सगळी पेडण्याला येतो, तूही ये. माईंना तुझे नाक पाहायचे आहे. तोवर लोभ होता तसाच ठेव, त्यात काही बदलायचे नाही.

तुझी
विमला

ता. क. काल पत्र टाकायचे राहिले. आज सकाळी माईंनी विहिरीवर मालतीला सगळा सिनेमा सांगितला. त्यात आई चहा प्याली. मग त्या सूप घेऊन सोप्यावर बसल्या आणि मी निवडून ठेवलेल्या तांदळातून खडे काढून माझ्यापुढे ठेवले.