धाकटीचं माप

४ जून

पोहोचले एकदाची! घर झकास आहे. खाली शिवणकामाची खोली, वर राहायचं. खिडक्या इतक्या मोठ्या की सुईत दोरा ओवायला चष्मा लागू नये. चष्म्यावरून आठवलं, आमची चष्मिस शेजारच्याच पलंगावर बॅग उपसत बसलीये.

मानववंशशास्त्रातल्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष आम्ही दोघींनी वाचनात घालवलं. दुसरं वर्ष एखाद्या घरात राहून काढायचं, त्यांच्यासोबत राबायचं, जमलं तर त्यांच्यातलंच व्हायचं. त्याचा आराखडा या महिन्यात ठरायला हवा. गाईडबाईंनी दोघींना इथे धाडलं आणि सांगितलं, हे घर जिला आपलं म्हणेल तिला ते मिळेल, दुसरीने दुसरं काहीतरी शोधावं. दुसरी म्हणजे मी, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. वर्षभर त्यांना चष्मिसशिवाय कोणी दिसलंच नाही.

बघतेच आता.

७ जून

घरात माणसं दोनच. शिवणारी बाई, जिला गिऱ्हाइकंसुद्धा आई म्हणतात, आणि तिची थोरली लेक. थोरली दिवसभर मशीनवर. अंगात रोज तोच राखाडी झगा, हातांत तसलेच मोजे, आणि शिवण इतकी बारीक की टाका शोधून सापडू नये. बोलायचं नाव नाही.

मी काजं केली, बटणं लावली, बोटं टोचून घेतली. आई म्हणाल्या, पाहुण्यांनी एवढं करू नये. चष्मिसने नुसता केर काढला तर तिला म्हणाल्या, लेकी, दमलीस गं.

लेकी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ जून

आज आईंनी चष्मिसची मापं घेतली. तिच्यासाठी राखाडी झगा शिवणार म्हणे. गळा, खांदे, मनगट, एकेक बोटसुद्धा. टेपचं दुसरं टोक धरून कोण उभं होतं? अस्मादिक.

मला तिचा हेवा वाटतो, लिहूनच टाकते. आमच्या अभ्यासात घराने नातं दिलं की गड सर केला. पाहुणीला लोक दाखवायचं तेवढंच दाखवतात. लेकीसमोर कोणी काही झाकत नाही. आणि ते नातं तिला केर काढून मिळालं.

१५ जून

चष्मिस म्हणते, आत्ताच्या आत्ता निघू या. मशीनच्या घरघरीआड थोरलीने तिला विचारलं म्हणे, गाईडबाई अजून हिरव्या शाईनेच आराखडे तपासतात का. म्हणजे थोरली त्यांची जुनी विद्यार्थिनी. तीच, जिच्याबद्दल बाई कौतुकाने सांगतात, फील्डमध्ये इतकी रमली की परतलीच नाही.

काय पण थाप! मला इथून कटवलं की घर हिला एकटीला. मी नाही म्हटलं. ती रडकुंडीला आली, माझा हात ओढला, शेवटी दुपारी एकटीच गेली. बरी ब्याद टळली.

१६ जून

झगा अर्धवट पडला होता. मी घालते म्हटलं. आई म्हणाल्या, घातलास की मग पाहुणी नाही हं. म्हटलं, तेच तर हवंय. माझ्या मापाने बेतला आणि शेवटची शिवण अंगावरच घातली. मग म्हणाल्या, लेकी.

मी चक्क रडले.

१९ जून

झगा निघत नाही. बटण नाही, बंद नाही. कात्रीने एक टाका कापला. रक्त आलं. कापडातून — आणि दुखलं मला.

थोरली बघत होती. म्हणाली, मीही माझा कापून पाहिला होता.

२० जून

दार दिवसभर उघडंच असतं. उंबऱ्यापर्यंत गेले. शिवणी आवळल्या, श्वास कोंडला. मागे सरले, तशा सैल झाल्या.

थोरली म्हणते, आईने दुसऱ्या कुणाला धाकटी मानून लेकी म्हटलं तरच तुझा झगा सुटेल. थोरलीची जागा कोणी घेत नाही, तिच्या स्वतःच्या शिवणी तर कधीच —

२३ जून

चष्मिस आली. मला न्यायला.

आई धावतच पुढे गेली. लेकी, आलीस! असा आवाज माझ्यासाठी कधीच नाही काढला तिने. कधीच.

आणि शिवणी सुटल्या. सगळ्या. पोटभर श्वास आला. समोर उघडं दार. दोन ढांगा टाकल्या असत्या तर —

आईने टेप तिच्या गळ्यात घातली. माझी टेप.

चष्मिसला बाहेर ढकललं. दार लावलं, कडी घातली. ती बाहेरून ओरडत होती, मी आतून. मी तिला वाचवलं असं कोणी समजू नये. या घरात धाकटी मी आहे. मीच.

झगा आवळला. आई हसली. लेकी म्हणाली — मला.

२४ जून

आई म्हणते, लेकीला लिहायचं काय काम. मोजे बेतलेत. त्यांत पेन धरवत नाही, सुई तेवढी धरवते. डावा शिवून झाला. दुखतं, पण ती किती जवळ बसलीये.

आता उजवा म्हणते. जरा थांब म्हटलं, एवढं वाक्य —