सील शाबूत

१८ मार्च १९८६, मंगळवार

"बाई, मशिनीला बास म्हणणारं कुणीतरी तिच्या आतच बसवावं लागतं." ज्ञानोबा असं म्हणाले त्याला चौदा वर्षं झाली. मी दूध संघाची नवी सचिव, ते तेव्हाही संघाचे ड्रायव्हर. मी नुसती मान हलवली होती. आज विरुपाक्षच्या गॅरेजात ते पहिल्यांदा कळलं!

दूध आटलं, म्हणून संघाच्या टँकरमधून आता पाणी. माकणीच्या विहिरीवर भरायचं, चार वस्त्यांना वाटायचं. टँकरच्या इंजिनाला डिझेल देणारा पंप गळत होता, म्हणून नळदुर्गला गेलो. पंप उघडायचा तर सील तोडताना आणि परत मारताना मी हजर लागते — संघाचा नियम.

विरुपाक्षनं आतलं दाखवलं. "अक्का, हे दोन गोळे बघा." फिरत्या दांड्यावर दोन लोखंडी वजनं, स्प्रिंगांनी आत धरलेली. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फाकतात — जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातली पोरं फाकतात तशी. ती फाकली की एक पट्टी मागं सरते, डिझेल कमी होतं. इंजिन मंदावलं की वजनं पुन्हा आत, डिझेल पुन्हा सुरू. हा गव्हर्नर. कुठल्या वेगाला अडवायचं ते एका स्क्रूवर ठरतं. कुणी तो फिरवू नये म्हणून त्यातून तार ओवलेली, तारेला शिशाचं सील. ते दाबायची पक्कड माझ्या टेबलाच्या खणात.

"पेट्रोलच्या गाडीला दम लागतो, अक्का. डिझेलला लागत न्हाय. द्याल तेवढं पिणार आन् पळणार. फुटंपर्यंत!"

मला वाटायचं, अडवणं म्हणजे भिंत. ही भिंत नाही. जितकं जोरात फिरावं, तितक्याच जोरानं ते फिरणं स्वतःला मागं ओढतं. माणसांत असं काही असेल का?

२० मार्च

चौथ्या वस्तीला, सावळवाडीला, आज पाणी नाही. तीन खेपांतच दिवस मावळतो.

२३ मार्च, रविवार

सावळवाडीला जाऊन आले. हंड्यांची रांग पार मारुतीपर्यंत. रांगेतल्या चांगुणानं मला लांबूनच हेरलं — "आल्या बघा बाई! तुमचा टँकर हाय का वरातीचा घोडा? नाचत नाचत येतोय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ती जवळ आली, आवाज खाली — "सुनंला आठवा लागलाय बाई. दोन कोस झऱ्याला जाती. काल पडली. आमचंच नाव शेवटाला का?"

कारण रस्ता तसा आहे. हे काय उत्तर झालं?

जीपमध्ये ज्ञानोबांना विचारलं, वेग थोडा वाढला तर चौथी खेप बसेल का? ते म्हणाले, "बसंल. पर सील हाय."

२४ मार्च, सोमवार

मी तोडलं.

सकाळी संघाच्या मागं, टँकर भरायला जायच्या आधी. ज्ञानोबा म्हणाले, "न्हाय बाई, म्या हात लावणार न्हाय. तीस वर्सं गाडी हाकतोय, सील म्हंजी जबान हाय." मी म्हटलं, मग मी तोडते. पक्कडीनं तार तोडली. हलक्या तारेचा केवढासा आवाज! ते लिंबाकडं तोंड करून उभे.

"स्क्रू फिरवा."

"हुकूम हाय का?"

"हुकूम आहे."

त्यांनी मोजून दीड आटा फिरवला. जास्त नाही.

दर सोमवारी सील बघून रजिस्टरात लिहायचं असतं. हाताला सवय. लिहिलं — सील शाबूत. सही.

२६ मार्च

चौथी खेप झाली!! चांगुणाची सून पाय पसरून बसून तांब्याभर पाणी प्यायली, घाई न करता. दिवसभर तेच डोळ्यांसमोर.

३१ मार्च, सोमवार

सील शाबूत. या वेळी हात थोडा अडला. तरी लिहिलं.

२ एप्रिल

रोज चार खेपा. आज माकणीपर्यंत सोबत गेले. इंजिनाचा आवाज बदललाय — पूर्वी घुमायचं, आता किंचाळतं. ज्ञानोबा आजारी पोराचा श्वास ऐकावा तसे कान देऊन बसलेले. "बाई, आठ दिस झाले. आता स्क्रू मागं घेऊ." मी म्हटलं, सुनेचं बाळंतपण होऊ द्या.

४ एप्रिल, शुक्रवार

माकणीच्या पुढच्या उतारावर इंजिन फुटलं. आतला एक दांडा तुटून बाजूनं बाहेर आला, सगळं तेल रस्त्यावर. ज्ञानोबांनी भरला टँकर बांधाला लावून थांबवला. खरचटलंसुद्धा नाही त्यांना. सावळवाडीच्या बायका तिथवर चालत गेल्या आणि टाकीतलं सगळं पाणी हंड्यांनी वाहून आणलं.

५ एप्रिल

विरुपाक्षला विचारलं, उतारामुळं झालं की स्क्रूमुळं? तो म्हणाला, उतारावर गव्हर्नर डिझेल बंद करतो, पण भरल्या टाकीचं वजन गाडी ढकलतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथं गव्हर्नर काय करणार!

किती हलकं वाटलं मला! मग तो पुढं म्हणाला, "पर धा दिस ताणलेलं इंजिन होतं, अक्का. धड असतं तर उतार झेपला असता."

मला पहिलंच वाक्य ऐकायचं होतं. हे इथं तरी लिहून ठेवते.

७ एप्रिल, सोमवार

बोर्डाची बैठक. भाड्याचा ट्रॅक्टर लावलाय, सावळवाडीला एक दिवसाआड. चांगुणाची सून पुन्हा झऱ्यावर.

अध्यक्ष नानासाहेबांनी माझंच रजिस्टर पुढं ठेवलं. "एकतीस तारखेला सील शाबूत. चारला तुटलेलं. म्हणजे मधल्या चार दिवसांत. गाडी कुणाकडं?" सगळे ज्ञानोबांकडं वळले. एक जण हळूच म्हणाला, "ह्यांच्यातल्यांना गाडी दिली की असंच." कुणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. मी त्या वेळी उभी राहत होते — नाही, राहायचा विचार करत होते.

मग उभी राहिले. सांगितलं. चोवीस तारखेला मी तोडलं, हुकूम माझा, रजिस्टर खोटं.

नानासाहेब हसले, वडीलकीनं. "शांताबाई, तुम्ही मायाळू. ड्रायव्हरला वाचवायला काहीही बोलाल. खाली बसा."

चौदा वर्षं कधी खोटं लिहिलं नाही, म्हणून आज खरं कुणी घेईना!

बाहेर ज्ञानोबा रागावले. पहिल्यांदाच. "कशाला बोललाव? तुमी गेलाव तर यादीत सावळवाडी कोण ठेवणार? नानासाब?"

८ एप्रिल

सकाळी फायलीत कागद सापडला. ज्ञानोबांची वळणदार सही. "सील म्या माझ्या हातानं तोडलं. सचिवबाईंना ठावं नव्हतं." तारीख पाच एप्रिल. बैठकीच्या दोन दिवस आधीच नानासाहेबांकडं दिला होता.

उद्या बुद्धविहारामागं त्यांच्या घरी जाणार. त्यांची बायको, बनाबाई, चहा ठेवतील. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणणार — ज्ञानोबा, हा जबाब मागं घ्या. सावळवाडीसाठीसुद्धा नको. मागं घ्या.